गुलाबमास्तरांची खिडकी

गुलाबमास्तर तिकीट देण्याआधी प्रत्येकाला एकच विचारायचे, "कुठं जायाचं?" समोरचा माणूस रोज त्याच गाडीनं त्याच गावाला जाणारा असला तरी विचारायचे. उत्तर मिळाल्याशिवाय तिकिटाला हात लावायचे नाहीत. एकदा त्यांची बायको जैनबी खिडकीपुढं उभी राहिली. सकाळी दोघांनी एका चुलीपुढं बसून चहा घेतला होता, तिचा भाऊ गेल्याचा निरोपही दोघांनी एकदमच ऐकला होता. घरात ती दोघं दखनी बोलायची, पण खिडकीवर मास्तर मराठीच बोलणार, कारण ते कामाचं ठिकाण.

"कुठं जायाचं बाई?"

"तुमच्या मेव्हन्याच्या मयताला."

"मयत कंच्या ठेशनात हाय ते बोला. तिकिटावर ठेशन असतंय, मेव्हना नसतो."

जैनबी रडत होती, तिला त्यातच हसू आलं. मास्तरांनी तिचं तिकीट दिलं, मग खिशातले पैसे गल्ल्यात टाकून स्वतःचं काढलं, खिडकी लावली आणि तिच्यामागं गाडीत चढले. गाडीत बसल्यावर मग रडले. खिडकीत असताना रडले नाहीत.

ती खिडकी आता राहिली नाही. कोणीतरी चौकटीसकट उपटून नेली. भिंतीला भगदाड आहे आणि त्यातून शेळ्या आत-बाहेर करतात. आमचं बोरखडी हे गाव श्रीगोंद्याच्या बाजूला, नगरच्या लाईनीवर. लाईन आहे, गाड्याही पहिल्यापेक्षा जास्त आहेत. पण थांबत एकही नाही. ज्यांनी मास्तरांना बघितलं नाही त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायला मला वेळ लागतो. नातू म्हणाला, आबा तुम्ही सांगा, मी लिहितो. पण तो मधेच शहाणपणा करतो, म्हणून नको म्हटलं.

मी रेल्वेत गँगमन होतो. म्हणजे रूळ तपासायचे, खडी भरायची, हातोडा मारायचा. माझी सगळी नोकरी बोरखडीच्या आसपासच्या लाईनीवर झाली. मास्तर माझ्याहून थोडे मोठे. त्यांचे वडील ठेशनात पाणीवाले होते. कोळशाच्या इंजिनाला पाणी लागायचं आणि आमच्या ठेशनाला रेल्वेची मोठी विहीर होती. फलाटाच्या टोकाला लोखंडी खांब, त्याला हत्तीच्या सोंडेसारखा नळ. इंजिन त्याखाली उभं राहायचं आणि मास्तरांचे वडील चाक फिरवून सोंड सोडायचे. पाणी भरेस्तोवर गाडी थांबायचीच. तेवढ्यात लोक उतरून भजी खायचे, कोणी ओसरीत पाय मोकळे करायचं, लिंबांच्या गोण्या चढायच्या. तेव्हा खरे ठेशनमास्तर होते, त्यांना राहायला घर होतं, सिग्नलला दिवे होते, मालगाडी बाजूला घ्यायला वेगळी लाईन होती. बोरखडी म्हणजे काही लहान ठिकाण नव्हतं.

मग डिझेलची इंजिनं आली. त्यांना पाणी लागेना. गाडी थांबायची ती नुसती थांबल्यासारखी करायला लागली. पुढं बाजूची लाईन उचलून नेली. ती उचलायला आमचीच टोळी होती, हे मी लपवत नाही. कामाचा हुकूम होता. मग सिग्नल गेले, ठेशनमास्तर गेले. कचेरीनं ठरवलं की आता गावातलाच एक माणूस कमिशनवर तिकिटं विकेल. त्या कामाला गुलाब शेख उभा राहिला. लोक गमतीनं त्याला मास्तर म्हणायला लागले. त्यानं ती गंमत मानलीच नाही. आठवडाभरात तो भिंगारच्या जुन्या बाजारात गेला, मिलिटरीतला एक जाड कोट घेऊन आला आणि तो काळा रंगवून घेतला. तेव्हापासून आम्हीही गुलाब म्हणायचं सोडलं.

तो कोट ते चैत्रातही घालायचे. जैनबी म्हणायची, "त्या कोटालाच बसवा खिडकीत. तुमी घरी सावलीला या."

"कोट नसला तर तिकीट खरं कोन मानंल?" मास्तर म्हणायचे.

माझं त्यांच्याशी पहिलं भांडणही ठेशनातच झालं. आमची टोळी दुपारी फलाटावरच्या बाकावर भाकरी खायची. एक दिवस कांद्याची टरफलं तिथंच राहिली. मास्तर खराटा घेऊन आले आणि माझ्या हातात दिला.

"मी रेल्वेचा मानूस हाय," मी म्हणालो. "तुमी कमिशनवाले. तुमी मला झाडायला लावनार?"

"रामभाऊ, लाईन तुजी. फलाट माजा. झाड."

मी झाडलं नाही. त्यांनीही झाडलं नाही. टरफलं तिथंच पडून राहिली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या दोन बाजूंना बसून एकमेकांकडं न बघता चहा प्यालो. शेवटी वाऱ्यानं ती नेली. त्यानंतर आमची दोस्ती झाली ती कायमची.

मास्तरांचा एक रिवाज होता. गाडी आली की ते गार्डाच्या डब्याकडं चालत जायचे आणि त्याच्या हातावर दोन-चार लिंबं ठेवायचे. आमच्या भागात लिंबाच्या बागा पुष्कळ. गार्ड लिंबं खिशात घालेस्तोवर, घरची विचारपूस होईस्तोवर, बांधावरून पळत येणारी म्हातारी डब्यात चढायची. मी एकदा म्हणालो, ही लाच झाली. तर म्हणाले, "लाच मानूस सोताच्या कामाला देतो. माजं कुठं काय काम हाय गार्डाकडं?"

आणि एक वाक्य ते नेहमी बोलायचे. कोणी म्हणालं की मास्तर, या आडगावच्या ठेशनात काय ठेवलंय, की ते म्हणायचे, "गाडी थांबती म्हनून ह्याला गाव म्हनायचं. न्हाईतर हे दोन ठेशनांच्या मधलं रान हाय." आम्हाला तेव्हा ते बोलणं मोठेपणाचं वाटायचं.

मग त्यांचे डोळे जायला लागले. आधी मोतीबिंदू वाटला. नगरच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेलीही जाईल, असं. हे मास्तरांनी कोणाला सांगितलं नाही. जैनबीनंही नाही. पण गाव लहान. समोरून आलेल्या माणसाला ते आवाज आल्याशिवाय ओळखेनात. खिडकीत तिकिटांचं लाकडी खणांचं कपाट होतं. कुठल्या खणात कुठलं तिकीट हे त्यांना पाठ होतं, म्हणून बरेच दिवस निभलं. मग हात चुकायला लागले. गाडी फलाटाला लागायची, रांग उभी असायची आणि मास्तर खण चाचपत बसायचे. तारखेचं यंत्र असायचं, त्यात तिकीट घातलं की टक्क करून शिक्का उठायचा. ते तिकीटच त्यांना यंत्राच्या फटीत घालता येईना. पण "इकडं द्या, मी घालतो" असं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

एक दिवस शाळेतल्या गुरुजींना नगरला जायचं होतं. मास्तरांनी त्यांना दौंडकडचं तिकीट दिलं. गुरुजींनीही बघितलं नाही. नगरला तपासणीसानं धरलं, दंड भरून घेतला. गुरुजी संध्याकाळच्या गाडीनं परत आले, मास्तरांना नेहमीसारखा नमस्कार केला आणि तसेच मारुतीच्या पारावर आले.

"मास्तरांना यातलं काही कळता कामा नये," ते म्हणाले. "ज्यांना रोज जायचं त्यांनी नगरला पास काढा. बाकीच्यांनी तिकडून येणाऱ्याला सांगून तिकीट मागवा. खिडकीवर जायचं, राम राम घालायचा, तिकीट आहे म्हणायचं."

कोणी नाही म्हणालं नाही. ठराव नाही, दवंडी नाही, पण त्या दिवसापासून सगळं गाव तसं वागायला लागलं. मला कामामुळं पास होता, तिकिटाशी माझा कधी संबंध आला नाही. पण मी रोज बघायचो. लोक खिडकीपुढं थांबायचे. मास्तर आतून विचारायचे, "कुठं जायाचं?" समोरचा म्हणायचा, "नगरला. तिकीट हाय मास्तर." मास्तर खूश. मला म्हणायचे, "रामभाऊ, गाव सुधारलं बघ. एक बी फुकट्या न्हाई. समद्यांकडं तिकीट."

असं काही वर्षं चाललं. गावाला त्याचं बरं वाटायचं. मलाही वाटायचं. आपल्या गावात माया आहे असं आम्ही बाहेर सांगायचो.

आजाराच्या साथीत सगळ्या गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या त्या दिवशी अर्धं गाव फलाटावर होतं. मास्तर कोट घालून उभे होते, खिशात लिंबं. पॅसेंजर आली आणि वेग कमी न करता निघून गेली. तिच्या वाऱ्यानं बायकांचे पदर उडाले.

"ड्रायवर नवा असंल," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशीही. लोक यायचे बंद झाले. मास्तर मात्र रोज कोट घालून येत राहिले. ग्रामपंचायतीनं अर्ज केले. मी तोवर निवृत्त झालो होतो, तरी ओळखीच्या साहेबांकडं दोनदा जाऊन आलो. शेवटी एक साहेब ठेशन बघायला आले.

तो दिवस मी विसरणार नाही. सरपंच, गुरुजी, बागवाले, कॉलेजच्या पोरींचे बाप, सगळे फलाटावर. जैनबी आणि चार बायका मागं कडुनिंबाखाली. साहेबांना बाक पुसून दिला, पण ते बसले नाहीत.

"इथं गाडी थांबवून उपयोग काय?" ते म्हणाले. "या ठेशनातून तिकीटच विकलं जात नाही."

"साहेब, सकाळच्या गाडीला निम्मं गाव असायचं," सरपंच म्हणाले. "हितं उभं राहायला जागा नसायची."

"असेल. मग ती माणसं तिकीट काढायची कुठं?"

गुरुजी चपलेनं खडी सारत राहिले. एका बागवाल्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली. तेवढ्यात मास्तर पुढं झाले.

"साहेब, मी हितला एजंट. माज्या गावात फुकट जानारा मानूस न्हाई. लोकं नगरहून तिकीट काढत्यात. पास काढत्यात."

"तेच म्हणतोय मी बाबा. नगरला काढलं की ते नगरच्या नावावर धरतात. तुमच्या नावावर काय? कागदावर बोरखडीत माणूसच नाही."

मास्तर लोकांकडं वळले. म्हणजे त्यांना तसं वाटलं. ते वळले त्या बाजूला कोणी नव्हतं, नुसतं रान होतं. लोक डाव्या हाताला उभे होते.

"का रं बाबांनो? हितं खिडकी असताना नगरला का?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ते सांगितलं असतं तर साहेबांना कळलं असतं की गाव खोटं बोलत नाही, माणसं खरीच आहेत. पण मास्तरांच्या तोंडावर ते बोलायला कोणाची जीभ उचलेना. साहेबांनी घड्याळ बघितलं. आता ते निघणार आणि ठेशन जाणार, हे मला दिसत होतं.

तेव्हा कडुनिंबाखालून जैनबी बोलली.

"तुमाला दिसत न्हाई म्हनून. साऱ्या गावाला ठावं हाय. तुमची फजिती नको म्हनून समदी नगरहून आनत्यात. मीबी मागवून घेती."

मास्तरांच्या कोटाचं वरचं बटण उघडं होतं. ते त्यांनी चाचपून लावलं. मग आवाजाच्या अंदाजानं साहेबांकडं तोंड केलं.

"ऐकलं न्हवं साहेब? गाव खोटं न्हाई. मला काढा. डोळस मानूस बसवा. ठेशन ठेवा."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं मास्तरांचा हात हातात घेतला. "बाबा, हे पाच वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर मी लिहून पाठवलं असतं. आता वेळापत्रकातून नाव गेलंय. दुसरी लाईन पडतेय, तिच्या नकाशात इथला फलाटच धरलेला नाही."

साहेब गेले. लोक तसेच उभे राहिले. मास्तर जैनबीच्या हाताला धरून घरी गेले. तोवर त्यांनी कधी कोणाचा हात धरला नव्हता.

संध्याकाळी सगळं गाव त्यांच्या ओट्यावर. गुरुजी पुढं होऊन म्हणाले, "मास्तर, मुळात माझी कल्पना होती. माझी चूक झाली." मास्तरांनी त्यांना बसायला सतरंजी दिली, जैनबीला चहा टाकायला सांगितलं आणि पावसापाण्याचं बोलत राहिले. एक शब्द वाकडा बोलले नाहीत. लोक हलक्या मनानं घरी गेले. मी गेलो नाही. मी चिवट माणूस आहे, मला माहीत होतं आत काहीतरी आहे. सगळे गेल्यावर मी म्हणालो, "शिव्या घाला, मास्तर. एकदा घालून मोकळे व्हा."

"कुनाला घालू?" ते म्हणाले. "वैर केलं असतं तर भांडलो असतो, रामभाऊ. तुज्याशी न्हाई का भांडलो? ह्यांनी माया केली. आता कुनाशी भांडू?"

त्यानंतर मी त्यांना कोटात बघितलं नाही. नुसत्या सदऱ्यात ते दिसले तेव्हा मला कळलं की त्यांचे खांदे एवढेसेच होते.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. दुसरी लाईन पडली, तारा आल्या, गाड्यांचा वेग वाढला. सकाळच्या गाडीनं कॉलेजला जाणाऱ्या पोरी होत्या. एसटी मिळते फाट्यावर, फाटा लांब आणि वाटेत दोन्हीकडं ऊस. आई-बापांनी थोडे महिने वाट बघितली आणि लग्नं उरकून टाकली. बागवाले टेम्पो करतात. ज्याला जमलं तो नगरला राहायला गेला. गुरुजीही गेले. लोक मला म्हणतात, गावानं चांगल्या मनानं केलं. मीही म्हणतो, चांगल्या मनानं केलं. आणि त्यानंच गावाचा घात झाला. दोन्ही खरं आहे. मी यातलं एक सोडायला तयार नाही.

मास्तरांना पुढं काहीच दिसेना. ते अंगणात बसायचे. गाडीचा आवाज आला की बोलणं थांबवायचे, गाडी जाऊ द्यायचे आणि मग बोलणं पुढं चालू करायचे. ठेशनाचं नाव त्यांनी परत घेतलं नाही. मी मुद्दाम काढलं तर म्हणायचे, "आता रानात राहतोय आपन. रानातल्या गोष्टी कर."

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. दुखणं नाही, काही नाही. पहाटे जैनबीनं हाक मारली तर ओ दिली नाही. त्यांना एकच मुलगी, मुमताज. तिला दौंडच्या पलीकडं दिलेली. तिला फोन केला. ती म्हणाली, मी निघते, माझ्यासाठी थांबा. रस्त्यानं यायचं तर तीन ठिकाणी गाडी बदलावी लागते, म्हणून ती दौंडला पॅसेंजरमध्ये बसली. बोरखडी ओलांडून नगरला उतरायचं आणि तिथून जीपनं उलटं गावाला यायचं, असा तिचा बेत.

ऊन भयंकर होतं. दुपारपर्यंत थांबलो. पॅसेंजरला मधेच कुठं तरी बाजूला काढून ठेवली होती, मुमताजचा फोन लागेना. मौलवी म्हणाले, आता मयत ठेवता येणार नाही. जैनबीनं मान हलवली. दुपार कलल्यावर, तिसऱ्या नमाजानंतर आम्ही मास्तरांना उचललं.

आमचं कब्रस्तान लाईनीला लागून आहे. मधे नुसती तारेची जाळी. मास्तरांना खाली ठेवलं, फळ्या लावल्या. एकेक जण तीन-तीन मुठी माती घालत होता. माझी पाळी आली तेव्हा दौंडकडून भोंगा ऐकू आला. मी सगळं आयुष्य लाईनीवर काढलं, ती पॅसेंजर आहे हे मला बघायची गरज नव्हती. तरी मी उठून उभा राहिलो. सगळेच उभे राहिले. सरपंचांनी तर हात वर केला, जशी काही ती एसटी आहे.

गाडी आली. मधल्या एका डब्याच्या दारात मुमताज उभी होती. दांड्याला धरून, अर्धी बाहेर. मागून एका बाईनं तिला कमरेला धरलं होतं. तिनं आम्हाला बघितलं, खड्डा बघितला, आमचे मातीचे हात बघितले. तिचं तोंड उघडलेलं होतं, पण आवाज आमच्यापर्यंत आला नाही. मग डबा पुढं गेला आणि मागचे डबे एकामागं एक जात राहिले.

ती गावात पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. जैनबीच्या गळ्यात पडली नाही, काही नाही. सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"काका, तुमी उभे राहिलात," ती म्हणाली. "गाडी थांबंल असं तुमालाबी वाटलं का?"

मी हो म्हणालो. खोटं बोललो नाही. मला तसं वाटलं होतं.